बिघाडाचा तास

सोसायटीतल्या बायका विचारायच्या, "सावंत मॅडम, तुम्ही कॉलेजात नक्की शिकवता तरी काय?" मी सांगायचे, "मशीन बिघडवायला." त्या हसायच्या आणि विषय भाजीच्या भावाकडे वळायचा. पण मी थट्टा करत नव्हते. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत दर शुक्रवारी दुपारी मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना खरोखरच मशीन बिघडवायला लावत होते. वेळापत्रकात त्या तासाला भलंमोठं इंग्रजी नाव होतं. मुलं त्याला बिघाडाचा तास म्हणायची, मग मीही तेच म्हणू लागले.

आमची शाखा इन्स्ट्रुमेंटेशनची. हे नाव ऐकून काहींना सतार-तबला आठवतो, म्हणून सोप्या शब्दांत सांगते. कारखान्यात टाकी किती भरली, भट्टी किती तापली, पट्टा किती वेगाने पळतोय, हे कुणीतरी सतत बघावं लागतं. मग त्याप्रमाणे नळ बंद कर, पट्टा थांबव, अशी कामं करावी लागतात. पूर्वी हे सगळं माणूस करायचा. आता बघायचं काम सेन्सर करतो, त्याला आम्ही डोळा म्हणतो. आणि ठरवायचं काम जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी करते. आमच्या जवळच्या तुर्भ्याला कारखान्याच्या कुठल्याही शेडमध्ये डोकावा, अशी एखादी पेटी भिंतीवर दिवे लुकलुकवत बसलेली दिसेल. तिने कधी काय करायचं हे तिला लिहून द्यावं लागतं, म्हणजेच तिचा प्रोग्राम लिहावा लागतो. आम्ही मुलांना तेच शिकवायचो.

लॅबमध्ये त्यासाठी एक छोटं मशीन होतं. हातभर लांबीचा पट्टा आणि त्यावर प्लास्टिकची बाटली. बाटली डोळ्यासमोर आली की पट्टा थांबणार, नळातून पाणी पडणार, बाटली भरली की पट्टा पुढे सरकणार. बस, एवढंच. पण एवढासा प्रोग्राम लिहिताना मुलांच्या नाकी नऊ यायचे, आणि तो एकदाचा चालला की अशी आरडाओरड व्हायची की शेजारच्या वर्गातले सर येऊन दार वाजवायचे.

मग एका वर्षी ही आरडाओरड बंदच झाली. मोबाइलमधल्या एआयला विचारलं की चहा निवायच्या आत प्रोग्राम हजर, तोही बिनचूक. मुलं तो पेटीत भरायची, बाटली भरायची आणि घरी जायची. स्टाफरूममध्ये खडाजंगी झाली. विभागप्रमुख म्हणाले, "मोबाइल बाहेर ठेवायला लावा." एक सर तर आता आपली सगळ्यांचीच सुट्टी, असं म्हणून दर सोमवारी उसासे टाकायचे.

मला राग आला नाही. मला भारी उत्सुकता वाटली. इतकी वर्षं ज्या कामासाठी मी मुलांना तयार केलं ते काम हे यंत्र करणार असेल, तर मुलांनी करायचं काय? एका रविवारी भाकरी-कालवण उरकून मी फोन घेऊन बसले आणि त्या एआयला आमच्या बाटलीच्या मशीनवरून उलटसुलट प्रश्न विचारले. त्याला पुष्कळ येत होतं. काही गोष्टी तर माझ्यापेक्षा जास्त येत होत्या, हे कबूल करताना जरा जिवावर येतं. पण आमचा नळ गळतो, तो बंद केला तरी पाणी थोडा वेळ टपकत राहतं आणि म्हणून बाटली ओसंडते, हे त्याला ठाऊक नव्हतं. कुणीतरी बघून सांगितल्याशिवाय ते त्याला कळणार तरी कसं? मी सांगितलं, तर लगेच त्याने तोडगा काढून दिला. मला त्या दिवशी दुपारची झोप लागली नाही.

पुढच्या शुक्रवारी बिघाडाचा तास सुरू झाला. मुलांच्या एका गटाने मशीनमध्ये बिघाड करायचा, दुसऱ्याने तो शोधायचा. काही मोडायचं नाही, खऱ्या कारखान्यात होऊ शकेल असाच बिघाड करायचा, आणि काय केलंय ते माझ्या कानात सांगायचं. शोधणाऱ्यांनी सुरुवातीला हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. नुसतं बघायचं, ऐकायचं, वास घ्यायचा. मोबाइल वापरायला पूर्ण मुभा होती. विभागप्रमुखांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण तास माझा होता.

त्या तासात मला जी गंमत दिसली ती आधीच्या सगळ्या नोकरीत दिसली नव्हती. ओंकार नावाचा एक हुशार आणि तोंडाळ मुलगा होता. त्याने हात मागे बांधायची अट कशीबशी पाळली आणि मोबाइलला विचारलं, मशीन चालत नाही, काय करू? मोबाइलने ढीगभर कारणं दिली. ओंकार ती एकेक तपासत बसला. त्याच्याच गटातल्या एका मुलीने लिहिलं, बाटली डोळ्यासमोर आली तरी पट्टा थांबत नाही, बाटली दिसल्यावर लागणारा डोळ्यावरचा लाल दिवाही लागत नाही. तिला पहिल्याच ओळीत उत्तर मिळालं. डोळ्यावर कुणीतरी चिकटपट्टी लावली होती. तेव्हापासून मी वर्गात एकच घोषा लावला, "जे दिसतंय ते सांगा, जे वाटतंय ते नको." मुलं माझी नक्कल करताना हेच वाक्य म्हणायची, नाकातून.

ओंकारने याचा वचपा काढला. त्याच्या गटाची बिघाड करायची पाळी आली तेव्हा तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मॅडम, आम्ही काहीच केलं नाहीये." मी चेहरा सरळ ठेवला. समोरच्या गटाने मशीनचा अक्षरशः सांगाडा केला, अमुक वायर सैल आहे, तमुक वेळ चुकली आहे असं छातीठोकपणे सांगितलं आणि सगळं परत जोडल्यावर मशीन खरोखरच बंद पडलं. ते पुन्हा चालू करता करता ओंकारच्याच नाकात दम आला.

प्रणाली म्हात्रे याच वर्गात होती. जवळच्या बोनकोडे गावातली मुलगी, दिसायला शांत, अभ्यासात मधली. तिच्या गटाची शोधायची पाळी आली. बाकीच्यांनी हात मागे बांधून मशीनकडे डोळे लावले. प्रणालीने हात मागे बांधले आणि मशीनकडे पाठ केली. लॅबमधले गावडेकाका खिडकीशी उभे होते, त्यांच्याकडे गेली. "काका, सकाळी इथं कोण बसलं होतं?" मग बिघाड करणाऱ्या गटाकडे वळली. "तुम्ही आलात तेव्हा बाटली कुठं होती? नळाखाली पाणी सांडलेलं होतं का?"

ओंकार उसळला. "मॅडम, ही डायरेक्ट आम्हालाच विचारतेय. चीटिंग आहे ना ही!"

"मी काय केलंत ते विचारलं का?" प्रणाली म्हणाली. "काय बघितलंत ते विचारतेय."

सगळा वर्ग माझ्याकडे बघू लागला. मीही विचारात पडले, कारण माणसांना विचारू नका असा नियम मी कुठे केला होता? शेवटी निवाडा दिला, की बिघाड सांगायचा नाही, पण जे पाहिलं ते खरं सांगायचं. त्या दिवशी प्रणालीच्या गटाला सगळ्यांत जास्त वेळ लागला. पण बिघाड सापडला, आणि त्यासाठी मशीनचा एक स्क्रूही काढावा लागला नाही.

हे कुठे शिकलीस, असं विचारलं तर ती लाजली. "बिल्डिंगमध्ये, मॅडम." तिच्या वडिलांची गावात चार मजली इमारत होती आणि खोल्याखोल्यांतून भाडेकरू. कुणी ऑफिसात, कुणी हॉस्पिटलात, कुणी पार्सलवाला. एकदा वरच्या मजल्यावर पाणी चढेना. प्लंबरने पंप दोनदा उघडला, काही निघालं नाही. प्रणालीने खालपासून वरपर्यंत प्रत्येक दार वाजवलं आणि नुसतं विचारलं, या आठवड्यात नवीन काय झालं? तिसऱ्या मजल्यावरच्या एका नर्सबाईने सांगून टाकलं. टाकी भरून वाहिली की पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायचं, म्हणून त्यांनी गच्चीवर जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह अर्धा बंद केला होता. "मशीन खोटं बोलत नाही, मॅडम. पण ते सगळं सांगतही नाही," प्रणाली म्हणाली. "त्याला हात लावणाऱ्यालाच विचारावं लागतं."

आता अशा मुलीला नोकरी पटकन मिळायला हवी, नाही का? तिला मिळत नव्हती. हल्ली कंपन्या आधी ऑनलाइन परीक्षा घेतात. समोर पडदा, वर घड्याळ, आणि विचारायला कुणी नाही. प्रणाली तीन कंपन्यांच्या पहिल्याच चाळणीत गळली. चौथी कंपनी तुर्भ्याची होती, कारखान्यांना स्वयंचलित मशीनं बसवून देणारी. आणि ती परीक्षेला स्वतःचं मशीन घेऊन येणार होती.

त्याच सुमारास तिचे वडील मला भेटायला आले. गळ्यात जाडजूड साखळी, पांढरा शर्ट, आणि एका पायाने किंचित लंगडत. खुर्चीत बसायलाच त्यांना वेळ लागला.

"मॅडम, खरा सांगू का? पोरीला नोकरीची गरज नाय. आमची बिल्डिंग हाय. तीच बगायला मानूस मिलत नाय. माजा गुडगा जिना चढू देत नाय. तिला सगला कलतं. ती नसली तर मी काय करू?"

"पण तिला नोकरी करायची आहे," मी म्हटलं.

"ता मला पन ठाव हाय. म्हून मी तिला सांगितलाय, या कंपनीत लागलीस तर जा, मी आडवा येनार नाय. नाय लागलीस तर मंग बिल्डिंग बगायची. परत नोकरीचा नाव काराचा नाय." मग टेबलावर पुढे झुकून त्यांनी आवाज उतरवला. "लागंल का वो ती?"

ती लागावी असं त्यांना वाटत होतं की लागू नये असं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. बहुधा त्यांनाही कळत नसावं. माणूस मला आवडला. मी एवढंच म्हटलं, "तिला प्रश्न विचारू दिले तर लागेल."

कंपनीचं मशीन टेम्पोतून आलं. पट्ट्यावरून खोकी पळायची, डोळ्याने खोकं पाहिलं की एक दांडा पुढे येऊन ते बाजूच्या पेटीत ढकलायचा. सोबत एक तरुण इंजिनिअर होता, केसांना जेल लावलेला, आणि त्याची वरिष्ठ बाई, माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान असेल. इंजिनिअरने प्रोग्राममध्ये मुद्दाम एक चूक घालून ठेवली होती. ती शोधून दुरुस्त करायची, लॅपटॉप-मोबाइल सगळं वापरा. "आमच्याकडे सगळे वापरतातच," बाई म्हणाल्या. "मग परीक्षेत लपवाछपवी कशाला?" मला त्या तिथेच आवडल्या.

एकेक मुलगा आत जाऊ लागला. मी कोपऱ्यात बसून बघत होते. दांडा उशिरा पुढे येतोय हे बहुतेकांना दिसलं. एआयच्या मदतीने त्यांनी वेळ दुरुस्तही केली. पण गंमत अशी की दोन-चार खोकी नीट ढकलली जायची आणि मग एखादं सुटून पुढे निघून जायचं. इंजिनिअर मान हलवायचा, "वेळ बरोबर बसली नाही," आणि अर्धे मार्क द्यायचा. ओंकारही अर्ध्या मार्कांवरच बाहेर आला, कान लाल करून.

प्रणाली आत गेली आणि सवयीने हात मागे बांधून उभी राहिली. खोकी पळाली, सुटली. ती मशीनकडे न बघता इंजिनिअरकडे वळली.

"सर, हे इथं कसं आणलंत?"

"कसं म्हणजे?"

"टेम्पोत उभं ठेवलं होतं की आडवं?"

त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "त्याचा प्रश्नाशी संबंध नाही. तुम्ही प्रोग्राम बघा."

प्रणालीचा चेहरा पडला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलू शकत नव्हते, परीक्षा त्यांची होती. पण ओठ घट्ट मिटून बसणं मला इतकं जड कधी गेलं नव्हतं. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "सांग ना तिला. उत्तर द्यायला काय जातंय?"

"आडवं," तो म्हणाला.

"आणि इथं उतरवल्यावर, तुमची चूक घालायच्या आधी, कोणी चालवून बघितलं?"

तो बाईंकडे बघू लागला आणि बाई त्याच्याकडे. चालवलं होतं ते तुर्भ्याला, ऑफिसात. इथे आणून थेट चूक घातली आणि पहिल्या मुलाला आत बोलावलं. प्रणालीने परवानगी मागून डोळा बसवलेल्या लोखंडी पट्टीला बोट लावलं, तर ती लटपटत होती. टेम्पोत आडव्या पडलेल्या मशीनची पट्टी रस्त्यावरच्या गचक्यांनी सैल झाली होती. मशीन थरथरलं की डोळा हलायचा आणि एखादं खोकं त्याला दिसायचंच नाही. म्हणजे सकाळपासून मुलांपुढे दोन बिघाड होते, आणि त्यातला एक बिघाड करणाऱ्यांनाच माहीत नव्हता.

बाईंनी पट्टी आवळून घेतली आणि सगळ्या मुलांची परीक्षा पहिल्यापासून पुन्हा घेतली. त्यामुळे प्रणालीवर वर्गातल्या मुलांनी जो दात धरला तो पदवीदान होईपर्यंत सोडला नाही. संध्याकाळी दोन नावं लागली, ओंकार आणि प्रणाली. मी घरी जाताना दिवाळे गावच्या मासळीबाजारावरून वळसा घालून पापलेट घेतलं. इतका आनंद झाला होता मला.

आता जरा उलटी बाजूही सांगायला हवी. बिघाडाच्या तासाला मार्क नव्हते, म्हणून वर्गातली काही हुशार मुलं कधी फिरकलीच नाहीत, आणि मला त्यांना ओढून आणता आलं नाही, याची चुटपुट आहे. शिवाय मी मुलांना कशासाठी तयार केलं हे मला आजही पुरतं ठाऊक नाही. ओंकार आता करतो ते काम आणखी काही वर्षांनी उरेल का, असं त्यानेच मला मध्ये विचारलं. मी म्हटलं, "मला माहीत नाही. उरलं नाही तर काय बदललं ते मला येऊन सांग, मला ऐकायचंय." तो हसला, पण मी मनापासून बोलत होते.

मी निवृत्त झाले. कंपनीने प्रणालीला नाशिककडच्या एका कारखान्यात नवं मशीन बसवायला पाठवलं. वडिलांनी शब्द पाळला, आडवे आले नाहीत. स्टँडवर सोडायला मात्र आले नाहीत, गुडघा दुखत होता म्हणे.

थोड्या दिवसांनी तिचा फोन आला. आवाज रडवेला.

"मॅडम, एक बिघाड सापडत नाहीये."

"कारखान्यातला?"

"नाही, घरचा. मी आल्यापासून वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही. बाबा रोज फोन करतात, तू ये म्हणतात. इथलं काम ऐन रंगात आलंय. मी आता उठून गेले तर ही साइट दुसऱ्याला देतील, आणि मग कायमचंच घरी बसावं लागेल. काय करू?"

"प्लंबर?"

"दोनदा येऊन गेला. तो आला की पाणी येतं! तो गेला की संध्याकाळी परत बंद. पंप चांगला आहे, टाकी चांगली आहे."

मी एक हात फोनला आणि दुसरा पाठीमागे धरून खिडकीशी उभी राहिले. "भाडेकरूंना विचारलंस?"

"सगळ्यांना फोन केले. खालपासून वरपर्यंत. नर्सबाईंनी तर शपथ घेतली. कोणीच हात लावलेला नाही."

"सगळ्यांना विचारलंस," मी म्हटलं. "बाबांना विचारलंस का?"

"बाबांना काय विचारायचं? तेच तर तक्रार..." ती थांबली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "पण मॅडम, व्हॉल्व्ह गच्चीवर आहे. त्यांना तर जिना चढवत नाही."

माझेही डोळे भरून आले होते. ती म्हणाली, "मशीन सुरू झालं की मी घरी जाऊन येते," आणि फोन ठेवला.

मशीन सुरू झालं. ती घरी जाऊन आली. तिचा फोन येईपर्यंत मला चैन नव्हतं.

"काय निघालं?" मी विचारलं.

"व्हॉल्व्ह बंद होता. उघडला."

"आणि बाबांना काय म्हणालीस?"

"काहीच नाही. फक्त सांगितलं, बाबा, हा व्हॉल्व्ह जुना झालाय, महिन्यातून एकदा मलाच येऊन तपासायला लागेल."

"मग?"

प्रणाली हसत होती की रडत होती, मला फोनवर कळेना.

"बाबा म्हणाले, मंग बरा. पन तारीख आदीच सांगत जा. मला परत वर चढाया लावू नको."